हात थरथरतो, स्वभाव बदलतो: पारा मज्जासंस्थेत काय करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६१ वर्षांचे. रविवार पेठेत सोनारांच्या दुकानांतली झाडलोट विकत घेऊन त्यातून सोनं काढण्याचं काम तरुणपणापासून करतात, त्यात पारा वापरावा लागतो. दीड वर्षापासून दोन्ही हात थरथरतात, बँकेतली सही जुळत नाही, झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे. पार्किन्सन म्हणून आठ महिने गोळ्या चालू आहेत, फरक नाही. हे पाऱ्यामुळे असेल का, पारा मेंदूत जाऊन करतो तरी काय, आणि ‘शरीरातलं विष काढायला’ एका केंद्राने सांगितलेल्या दहा सलाइन घ्याव्यात का? कुटुंब कामाच्या जागेच्या वरच्या मजल्यावर राहतं, घरात चार वर्षांची मुलगी आहे.

तुम्ही मुलीचा उल्लेख शेवटी केला आहे, मी तिच्यापासूनच सुरुवात करतो. तिला आजपासून खालच्या खोलीत नेऊ नका, आजोबांच्या कामाच्या कपड्यांशी तिचा संबंध येऊ देऊ नका आणि पारा तापवण्याचं काम आज बंद करा. निदान, तपासण्या, औषधं हे सगळं त्यानंतर. लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, जमिनीलगत खेळतात, आणि त्यांचा मेंदू अजून घडत असतो. एकाच घरात मोठ्यांना काही जाणवत नसताना मूल आधी आजारी पडू शकतं. तळहात-तळपाय लाल-गुलाबी होऊन दुखणं, खूप घाम येणं, अंग ढिलं पडणं, रक्तदाब वाढणं, मूल किरकिरं होऊन रात्र रात्र न झोपणं, यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि घरात पाऱ्याचं काम चालतं हे पहिल्याच वाक्यात सांगा. एके काळी परदेशात दात येणाऱ्या बाळांना कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, असलेली पावडर देत. त्यातून मुलांना हाच आजार होई. ती पावडर बाजारातून गेली आणि आजारही जवळजवळ नाहीसा झाला.

आता वडिलांबद्दल. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन पाऱ्याच्या वाफेने हळूहळू होणाऱ्या विषबाधेशी इतकं जुळतं, की ती शक्यता पडताळल्याशिवाय पार्किन्सनच्या गोळ्या वाढवत नेणं मला मुळीच पटत नाही.

पाऱ्याबद्दल बोलताना आधी विचारायला हवं की कोणता पारा आणि तो शरीरात कुठून गेला. थर्मामीटर फुटून मुलाने पाऱ्याचा थेंब गिळला तर आईवडिलांचा जीव उडतो, पण निरोगी आतड्यातून तो पारा जवळजवळ शोषला जात नाही, दहा हजारातला एक भागसुद्धा नाही. तो शौचावाटे निघून जातो. तोच पारा वाफ होऊन श्वासात गेला तर त्यातला सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो. तुमच्या वडिलांच्या कामात धोका इथेच आहे. झारेकरी, म्हणजे झाडलोटीतून सोनं काढणारा कारागीर, कचरा धुतो, त्यात पारा कालवतो, पारा सोन्याचे कण धरून ठेवतो, मग तो फडक्यातून पिळतात आणि उरलेला गोळा तापवतात. पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. उडून गेलेला पारा त्याच दहा बाय दहाच्या खोलीत असतो.

तापवला नाही तरी तो उडत राहतोच. २० अंश तापमानाला बंद जागेत हवा पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरली तर एका घनमीटरमध्ये सुमारे १३ मिलिग्रॅम, म्हणजे १३,००० मायक्रोग्रॅम पारा मावतो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा २५ मायक्रोग्रॅमची आहे. तुमच्या खोलीत हवा खेळती असेल, प्रमाण त्यापेक्षा खूप कमी असेल, पण फरशीच्या फटींत आणि लाकडी पाटाच्या भेगांत वर्षानुवर्षं साचलेला पारा पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात काय करत असेल याचा अंदाज या आकड्यांवरून येईल. या वाफेला रंग नाही, वास नाही, कमी प्रमाणात असेल तर खोकलाही येत नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षं केलं, काही झालं नाही’ असं कारागीर मनापासून म्हणतात.

वाफेच्या रूपातला पारा म्हणजे सुटे, विद्युतभार नसलेले अणू. ते चरबीत सहज विरघळतात, आणि पेशींची आवरणं चरबीचीच असतात. त्यामुळे मेंदू आणि रक्त यांच्यातला जो अडसर पुष्कळ विषं रोखून धरतो, तो या वाफेला अडवत नाही. आत गेल्यावर पेशीतलं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) त्या अणूचं ऑक्सिडीकरण करतं आणि पाऱ्यावर दोन धनभार येतात. भार आलेला पारा त्या आवरणातून सहज परतू शकत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं होतं, आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. रक्तातला पारा काही दिवसांत कमी होतो, लघवीतला काही महिन्यांत, पण मेंदूत अडकलेला काही भाग वर्षानुवर्षं राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, तपासण्या आणि सलाइन या दोन्हींबद्दल बोलताना तो पुन्हा लागेल.

अडकलेला पारा गंधकाला चिकटतो. आपल्या प्रथिनांत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजनची जोडी असते. असंख्य विकरांचं काम त्या जोडीवर चालतं. पारा तिथे बसला की विकर बंद पडतं. सेलेनियमशी तर त्याची ओढ गंधकापेक्षाही जास्त, आणि मेंदूला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारी काही महत्त्वाची विकरं सेलेनियमवरच चालतात. म्हणजे पारा नुकसान करतो आणि ते भरून काढणारी यंत्रणाही मोडतो.

याचे मज्जापेशीवर तीन ठळक परिणाम होतात. पहिला, पेशीच्या आतल्या सूक्ष्म नलिका विस्कटतात. मज्जातंतूची लांबी कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत असू शकते, आणि त्या टोकापर्यंत सगळा माल या नलिकांवरून जातो. त्यांचं प्रथिन गंधकाच्या जोड्यांनी भरलेलं असल्याने पाऱ्याला ते सोपं लक्ष्य ठरतं. हातापायांना मुंग्या येणं, तळपायाची संवेदना मंदावणं हे यातून येतं. दुसरा परिणाम मज्जापेशींच्या शेजारी राहून त्यांची देखभाल करणाऱ्या तारकापेशींवर होतो. संदेश देऊन झाल्यावर उरलेलं ग्लुटामेट हे रसायन उचलणं त्यांचं काम. पारा ते बंद पाडतो. मग ग्लुटामेट साचतं, शेजारची मज्जापेशी सतत उद्दीपित राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत राहतं आणि अतिश्रमाने ती खचते. तिसरा, पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांतून हानिकारक ऑक्सिजन-रेणू जास्त बाहेर पडू लागतात, आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन तर पाऱ्याने आधीच बांधून ठेवलेलं असतं.

हालचालीचा तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि त्याची वर्तुळं यात लवकर बिघडतात. म्हणून थरथर येते.

पण थरथर येण्याच्या आधी पुष्कळदा स्वभाव बदलतो, आणि या आजारात मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. गणपतीत मांडवात पुढे असणारा माणूस पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. कुणी काम करताना पाहत असलं की गोंधळतो, चेहरा लाल होतो, शब्द अडकतो. क्षुल्लक गोष्टीवरून ताट सरकवतो आणि नंतर एकटाच खिन्न बसतो. रात्री जागा, दिवसा थकलेला, काल सांगितलेलं आज आठवत नाही. बुजरेपणा, चिडकेपणा, निद्रानाश आणि विसराळूपणा यांच्या या गुंत्याला वैद्यकात एरेथिझम म्हणतात. युरोपात फेल्टच्या टोप्यांसाठी प्राण्यांची फर पाऱ्याच्या क्षारात भिजवणाऱ्या कामगारांत तो शेकडो वर्षं दिसत होता. घरचे लोक ‘वय झालं’ म्हणतात, कधी मानसोपचाराच्या गोळ्या सुरू होतात, आणि माणूस रोज सकाळी त्याच खोलीत कामाला जात राहतो. तुम्ही वडिलांवर रागावला असाल तर आता रागावू नका. त्यांची चिडचिड हा त्या आजाराचाच भाग असू शकतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, त्यांनाही सांगा.

थरथरीचा बाज पार्किन्सनपेक्षा वेगळा असतो. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर निवांत असताना थरथरतो, बहुधा एका बाजूने सुरुवात होते, हालचाली मंदावतात आणि अक्षर बारीक बारीक होत जातं. पाऱ्यात दोन्ही हात, आणि हात पुढे धरला की किंवा कपाकडे नेला की थरथर वाढते. पापण्या, ओठ, जीभही बारीक थरथरू शकते. अक्षर लहान होत नाही, वाकडंतिकडं, दातेरी होतं. वडिलांना कोऱ्या कागदावर आतून बाहेर उलगडत जाणारं गोल वेटोळं काढायला सांगा, तारीख टाका आणि दर महिन्याला तेच करा. जुन्या धनादेशांवरच्या, पासबुकाच्या अर्जावरच्या सह्या शोधून ठेवा. सह्या कोणत्या वर्षापासून बिघडल्या हे मला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगतं.

याचा अर्थ दुसरं कारण नाहीच असं नाही. थायरॉइड वाढलेलं असणं, आनुवंशिक थरथर, दारू, दम्याची काही औषधं, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, या सगळ्यांनी हात थरथरतात. आणि पाऱ्याचं काम करणाऱ्याला पार्किन्सनही होऊ शकतो. म्हणून चालू गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका, त्या अचानक थांबवणं घातक ठरू शकतं. ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांना कामाबद्दल सविस्तर सांगा. बहुतेक वेळा त्यांना ते कळलेलंच नसतं, कारण केसपेपरवर ‘धंदा’ एवढाच शब्द असतो.

तपासणी कोणती, तर लघवीतला पारा. चोवीस तासांची लघवी किंवा सकाळची पहिली, सोबत क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती दाट किंवा पातळ आहे ते दाखवणारा घटक, मोजलेलं. डबा प्रयोगशाळेनेच दिलेला, धातूविरहित असावा. नमुना आंघोळ करून, कपडे बदलून घरी घ्यावा. कामाच्या जागी घेतला तर हातावरचा पारा त्यात पडतो आणि निकाल निरर्थक होतो. क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला तर कामावर पारा दखल घेण्याइतका शरीरात जातो आहे असं समजावं. स्पष्ट थरथर आणि स्वभावातले बदल १००च्या पुढे जास्त आढळतात, पण सूक्ष्म परिणाम त्याच्या बरेच खाली सुरू होतात. काम सोडून सहा-आठ महिने झाले असतील तर आकडा साधारण येऊ शकतो आणि तरीही आजार पाऱ्याचाच असू शकतो, कारण लघवी मेंदूत काय अडकलंय ते सांगत नाही. सोबत लघवीतली प्रथिनं, मूत्रपिंडाची तपासणी, थायरॉइड आणि मज्जातंतूंच्या वहनाची चाचणी करा. हिरड्या सुजणं, लाळ जास्त सुटणं, तोंडाला धातूची चव येणं हेही डॉक्टरांना सांगा. वाफेच्या विषबाधेत एमआरआय बहुधा साधारणच येतो, तो इतर आजार वगळण्यासाठी असतो.

आता त्या सलाइनबद्दल. घेऊ नका. अशा ठिकाणी पुष्कळदा आधी धातू ओढून काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. ते औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढलेले दिसतात, म्हणून विषशास्त्रज्ञ ही पद्धत निदानासाठी ग्राह्य धरत नाहीत. अशा सलाइनमध्ये बहुधा असणारं ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारं रसायन पाऱ्यावरचं औषध नाहीच. चुकीच्या प्रकारचं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली नेतं की हृदय थांबू शकतं. २००५ साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा असाच मृत्यू झाला. पाऱ्यासाठी वापरली जाणारी औषधं वेगळी आहेत: डीएमएसए, डीएमपीएस, काही वेळा पेनिसिलामिन. आकडा खूप जास्त असेल, लक्षणं ठळक असतील, तर रुग्णालयात मूत्रपिंडावर लक्ष ठेवून ती देतात. त्यांनी लघवीवाटे पारा जास्त जातो हे खरं, पण मेंदूत अडकलेला पारा ती फारशी काढत नाहीत, आणि थरथर त्यामुळे जास्त बरी होते याचा पुरावा कमकुवत आहे. काम चालू ठेवून ही औषधं घेणं तर अगदीच चूक.

खरा उपचार पाऱ्यापासून दूर होणं हाच आहे. हे ऐकून रुग्ण निराश होतात, त्यांना गोळी हवी असते. पण शरीरातला बराचसा पारा सुमारे दोन महिन्यांत निम्मा होतो, पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या निम्मा. झोप आणि चिडचिड आधी सुधारते, थरथर काही महिन्यांत कमी होते. दीर्घ काळ काम केलेल्यांत थोडी कायमची राहू शकते, हे मी लपवणार नाही. दमा नसेल, नाडी मंद नसेल तर थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉलचा विचार तुमचे डॉक्टर करू शकतात.

शोधायला गेलात की मिनामाता समोर येईल आणि तुम्ही घाबराल, म्हणून सांगतो. जपानमधल्या त्या गावात १९५६मध्ये जो आजार अधिकृतपणे नोंदला गेला तो मिथाइल पाऱ्याचा होता. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून तो खाडीत गेला, माशांत साठला आणि लोकांच्या पोटात गेला. हा पारा आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो. सिस्टीनला जोडला गेला की तो मेथिओनिन या अमिनो आम्लासारखा दिसतो आणि मेंदू त्याला अन्न समजून आत घेतो. त्याचा मारा दृष्टिकेंद्रावर आणि लहान मेंदूतल्या बारीक पेशींवर होतो. ओठांभोवती बधिरता, नजर चहूबाजूंनी आकसत जाणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं. इराकमध्ये १९७१-७२ साली पेरणीसाठी आलेला, मिथाइल पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, त्यातले ४५९ मेले. या पाऱ्याची लक्षणं उशिरा येतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल पाऱ्याचे काही थेंब पडले. चालणं-बोलणं बिघडलं ते जानेवारीत, आणि जून १९९७मध्ये त्या गेल्या. तुमच्या वडिलांचा पारा हा नव्हे, डोळे जातील अशी धास्ती घेऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र दोन गोष्टी पाळा: त्या खोलीपासून पूर्ण लांब राहणं, आणि मुशी, मोठा कुपा, मोठी सुरमई यांऐवजी बांगडा, तारली, मांदेली खाणं. मासे सोडायची गरज नाही.

खोलीची सफाई झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने करू नका, दोन्हींनी थेंब फुटून वाफ वाढते. दारंखिडक्या उघडून, दिसणारे थेंब जाड कागदाने गोळा करून, बारीक थेंब चिकटपट्टीने उचलून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत ओतू नका. पाट, गोणपाट, फडकी, जुनी चटई ठेवून देण्याच्या मोहात पडू नका, घट्ट बांधून बाजूला काढा आणि घातक कचरा म्हणून सोपवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुऊ नका. हे वडिलांना करायला लावू नका.

देव्हाऱ्यात पारद शिवलिंग असेल तर मुलांच्या हाती देऊ नका, तापवू नका, त्यावरचं पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका. बिनलेबलची गोरं करणारी क्रीम घरात असेल तर तीही बंद करा. त्यांतल्या काहींत पाऱ्याचे क्षार सापडतात, आणि ते आधी मूत्रपिंडावर जातात. पारायुक्त रसौषधी कोणी घेत असेल तर तज्ज्ञ वैद्यांच्या देखरेखीशिवाय, महिनोन्महिने, पुडीवर काय लिहिलंय ते न वाचता घेऊ नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२२मध्ये पारा असलेल्या अशा पारंपरिक औषधांचा मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराशी संबंध दाखवून दिला आहे.

खाली वडिलांसोबत कारागीर काम करत असतील तर त्यांचीही लघवी तपासा, विशेषतः तिथेच जेवणाऱ्या-झोपणाऱ्या पोरांची. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या तिसऱ्या परिशिष्टात पाऱ्यामुळे होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले होते, आणि कारखाना कायद्याखाली येणाऱ्या जागेत असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने तो कळवणं बंधनकारक होतं. पेठेतल्या दोन-चार माणसांच्या खोल्या बहुधा या चौकटीबाहेर राहतात, म्हणून त्या पोरांची काळजी तुम्हीच घ्यायला हवी. कामाबद्दल म्हणाल, तर झाडलोट जशीच्या तशी पारा न वापरणाऱ्या रिफायनरीला देऊन सोन्याचा हिशेब घेण्याचा पर्याय वडिलांसमोर ठेवा. उतारा थोडा कमी पडेल असं ते म्हणतील. तेव्हा त्यांच्यासमोर त्यांच्या जुन्या आणि आताच्या सह्या ठेवा आणि लघवीचा अहवाल आला की तो घेऊन दोघंही भेटायला या.